बिननावाच्या दोन रेघा

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण ज्याने केली त्याने माझा साडू पाहिलेला नव्हता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. सकाळी नऊ ते एक आणि दुपारी तीन ते सहा तो लोकांचे दात कोरतो आणि त्याचं पोट इतकं व्यवस्थित भरतं, की उरलेल्या वेळाचं काय करायचं हाच त्याच्यापुढचा मोठा प्रश्न असतो. आधी त्याने कॅमेरा घेतला. मग आकाशातले तारे बघायला दुर्बीण. मग गिटार. प्रत्येक वस्तू उत्तमातली उत्तम आणि प्रत्येक वस्तू वर्षाच्या आत कपाटावर. घरात सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात. मीही म्हणतो, फक्त मी म्हणतो तेव्हा आवाजात जरा खवचटपणा असतो.

मी सायकलवाला. उताराच्या रस्त्यावर, लॉन्ड्री आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधे माझं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. लोक पंक्चर घेऊन येतात आणि मी ती काढतो, पण माझं खरं नाव आहे ते मापासाठी. सायकल माणसाला बसली पाहिजे. ती कशी बसवायची हे मला कळतं. माझं माप आजवर एकदाही चुकलेलं नाही, हे मी येईल त्याला ऐकवत असतो. बायको शिवणकाम करते, घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. ती म्हणते, आपल्या घरात दोन टेपा आहेत आणि दोन्ही टेपांना गर्व आहे.

माप घेण्याची माझी पद्धत साधी आहे. गिऱ्हाइकाने बूट काढायचे, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि एक जाड पुस्तक दोन पायांच्या मधे, सीटवर बसल्यासारखं, वर दाबून धरायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेला मी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारतो. जमिनीपासून रेघेपर्यंत जे अंतर, ती पायाची लांबी. निम्मं गणित तिथेच सुटतं. भिंतीवर अशा शेकडो रेघा आहेत आणि प्रत्येकीपुढे नाव आहे. पोस्टमन. गणिताच्या बाई. लॉन्ड्रीची थोरली. एका रेघेपुढे मात्र काही लिहिलेलं नव्हतं. ती माझी. दुकान उघडलं त्या सकाळी मारलेली. स्वतःच्या दुकानात स्वतःचं नाव कशाला लिहायचं?

तर एका रविवारी डॉक्टर आणि मेहुणी आमच्याकडे जेवायला आले असताना डॉक्टरांनी जाहीर केलं, की ते आता डोंगरात सायकल चालवणार. तयार सायकल घेणार नाहीत. एकेक भाग निवडून, जुळवून, खास बांधून घेणार. फ्रेम कार्बनची, आणि तीही बाहेरून मागवायची. हेल्मेट आणि हातमोजे त्याने आधीच घेतले होते, पाण्याची बाटलीसुद्धा घेतली होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मी मान खाली घालून जेवत होतो. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

“साडूभाऊ, बांधायची तुम्हीच. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुमची स्वतःची समजून बांधा.”

आता माझं काय झालं ते सांगतो. दुकानातल्या टेबलाच्या खालच्या खणात एका जुन्या कॅटलॉगचं पान आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी नऊ वर्षं एक यादी लिहीत आलो आहे. फोर्क कुठला, ब्रेक कुठले, चाकाला स्पोक किती, हॅन्डलची मूठ कसली, सगळं. खोडून, पुन्हा लिहून, वर्षागणिक सुधारून. ती डोंगरातली सायकल होती, फ्रेम कार्बनची आणि ती माझी होती. फक्त ती कधी झाली नाही. शहरामागच्या डोंगरावर मी दर रविवारी जातो ते माझ्या लोखंडी सायकलवर. तिचं वजन एखाद्या लहान बैलाइतकं आहे, आणि निम्मा चढ ती माझ्यावर बसते असं म्हटलं तरी चालेल. नऊ वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते ह्या माणसाने भाताचा दुसरा घास घेता घेता ठरवून टाकलं. मला त्याचा हेवा वाटला. राग वगैरे म्हणून मी बरेच दिवस स्वतःला फसवलं, पण तो हेवाच होता, अगदी निखळ.

पुढचे चार रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर बेत चालला. मी यादी घरी आणली नव्हती, ती पाठच होती. एकेक गोष्ट आत्ताच सुचल्यासारखी सांगत गेलो आणि तो वहीत लिहून घेत गेला. डॉक्टर असून त्याचं अक्षर वाचता येतं, हाही माझ्या दुखण्यातला एक भाग. त्याने एखाद्या गोष्टीवरून वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. पण नाही. मी म्हटलं स्पोक बत्तीस, तो म्हणाला बत्तीस. मी म्हटलं मागचा ब्रेक थोडा लहान चालेल, तो म्हणाला मलाही तसंच वाटत होतं. हे त्याला कधीपासून वाटत होतं देव जाणे. रंगाच्या वेळी मी मुद्दाम गप्प राहिलो. म्हटलं, निदान हा तरी हा माणूस चुकीचा निवडेल. तो बराच वेळ चित्रं बघत बसला आणि म्हणाला, “गडद हिरवा, नाही का?” यादीत गडद हिरवाच होता. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणायची सोयसुद्धा त्याने ठेवली नाही.

एक गोष्ट मी त्याला नीट समजावून सांगितली होती. फ्रेम आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, जोडीने येतात. फोर्कची वरची नळी लांब असते, ती माणसाच्या मापाने कापावी लागते. ती कापेपर्यंत, आणि सायकल रस्त्यावर नेईपर्यंत, तीन आठवड्यांत जोडी परत करून दुसरं माप मागवता येतं. एकदा नळी कापली की संपलं. “पण तो प्रश्न येणार नाही,” मी म्हटलं होतं. “माप माझं आहे.”

माप द्यायला तो एका मंगळवारी दुपारच्या सुट्टीत आला. बूट काढले. मोज्याला भोक नव्हतं. भिंतीला टेकून, पुस्तक धरून, शाळेतल्या मुलासारखा शहाण्यासारखा उभा राहिला. मी रेघ मारली. ती माझ्या रेघेच्या बरीच खाली आली, कारण तो उभा राहिला की माझ्या कानापर्यंतच येतो. मग टेपने हाताची लांबी घेतली. कागद जवळ नव्हता, आकडा लक्षात ठेवला. इतक्यात त्याला दवाखान्यातून फोन आला आणि तो धावत गेला. रेघेपुढे नाव लिहायला मी पेन्सिल टेकवली आणि माझा हात थांबला. म्हटलं, यादी घेतली, हिरवा रंग घेतला, आता माझ्या भिंतीवर नावही लावायचं का? नाही लिहिलं. पेन्सिल कानामागे ठेवली आणि एका पोराची चेन बसवायला घेतली.

संध्याकाळी मी कागद करायला बसलो. भिंतीवरची रेघ मोजली, हाताचा आकडा आठवला. लिहिलं: पाय चौऱ्याऐंशी, हात त्रेसष्ट. त्यावरून फ्रेमचं मोठं माप ठरलं. तीन मापं होती, लहान, मधलं, मोठं. डॉक्टरांनी कागद न वाचता मागणी पाठवून दिली. माझ्यावर विश्वास म्हणून.

खोका यायला पाच आठवडे लागले. डॉक्टर सकाळीच तो दुकानात ठेवून पेशंट खोळंबलेत म्हणून लगेच गेला. मी शटर अर्धं खाली ओढलं. खोका उघडला, कागद काढले, फोम काढला. फ्रेम दोन बोटांवर उचलली गेली. दोन बोटांवर! एकोणीस वर्षं मी फ्रेमी उचलतो आहे, प्रत्येक वेळी कमरेला आधी सांगावं लागतं. ही उचलली तर हात उगाचच वर गेला, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसा. नाण्याने सगळीकडे टकटक करून पाहिलं. कार्बनमध्ये आत कुठे सुटलेलं असेल तर तिथे आवाज बसका येतो. खोटं कशाला सांगू, मी बसका आवाज शोधत होतो. कुठेच नव्हता.

बांधायच्या आधी मी नेहमी एक कच्ची जोडणी करतो. दुकानातली जुनी चाकं, पॅडल, हॅन्डल आणि सीट तात्पुरती लावायची, फक्त अंदाजासाठी. ती केली. भिंतीला कोपर टेकून मी वर बसलो. सायकल मला बसली. गुडघा जिथे यायला हवा तिथे आला, हात जिथे पोचायला हवा तिथे पोचला, पाठीला काही सांगावं लागलं नाही. मी तसाच बसून राहिलो. बाहेर लॉन्ड्रीवाला कुणाशी तरी बटणावरून भांडत होता, ते सगळं मला ऐकू येत होतं. आणि मग मला कळलं, की जी सायकल मला बसते ती डॉक्टरांना बसणं शक्य नाही.

उतरलो आणि भिंतीकडे पाहिलं. बिननावाच्या दोन रेघा. एक चौऱ्याऐंशीवर, माझी. दुसरी सात सेंटिमीटर खाली. मी वरची मोजली होती.

आता कुठलाही सरळ माणूस फोन उचलेल. तीन आठवडे हातात होते. मी फोन उचलला नाही. मी सीट अगदी तळापर्यंत खाली केली, हॅन्डलचा पुढचा तुकडा आखूड लावला तर कसं दिसेल ते पाहिलं आणि विचार केला, की ह्याला कळणार कसं? ज्याला ओ की ठो कळत नाही त्याला पाठ का दुखते ते तरी काय कळणार? महिना दोन महिने चालवेल. मग कंटाळेल, तसाही कंटाळतोच. कॅमेरा कपाटावर गेला, सायकल काही कपाटावर जायची नाही, ती विकावी लागेल. आणि इतक्या मोठ्या मापाची सायकल तो विकायला कुणाकडे येईल? आयत्या बिळात नागोबा म्हणतात, तो नागोबा मी त्या दिवशी आरशात पाहिला. शिवाय मनाला सांगायला सबब होती. मी मुद्दाम थोडंच केलं? भिंतीची चूक. दोन्ही रेघांना नाव नव्हतं. घाईत होतं असं.

दिवस जात होते आणि मी मूग गिळून बसलो होतो. सगळ्यात वाईट म्हणजे डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखाना झाला की यायचा. स्टुलावर बसायचा, मागेल तो पाना द्यायचा. चाकं मी हाताने विणली, तेव्हा त्याला आऊट काढायला शिकवलं. चाक फिरताना डावीउजवीकडे डुलतं त्याला आम्ही आऊट म्हणतो, आणि एकेक स्पोक पाव फेरा आवळत, सैल करत तो काढायचा असतो. त्याला ते पटकन जमलं. बारीक हात, रोजची सवय. चाक सरळ फिरायला लागलं तेव्हा तो इतका खूष झाला की त्याने लॉन्ड्रीवाल्याला हाक मारून दाखवलं. मी घरी जाऊन नीट जेवलो नाही.

बाराव्या दिवशी बायको दुकानात आली. तिच्या हातात टेप आणि खडू होता. डॉक्टरांसाठी ती पिशवी शिवणार होती, फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात बसणारी, हत्यारं आणि पंप ठेवायला. जाड काळं कापड, हिरवी शिवण. हे ऐकूनच माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, वीस वर्षं मी सायकल चालवतोय, मला नाही कधी पिशवी शिवलीस. ती म्हणाली, तुम्ही कधी मागितली नाहीत. तिने त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मोजल्या, घरी गेली, कापड कापलं. मग एका कोपऱ्याची शंका आली म्हणून परत आली आणि माझ्या बेताचा कागद खिळ्यावरून काढून वाचायला लागली. वाचता वाचता थांबली.

“हे कुणाचं माप आहे?”

“डॉक्टरांचं. अजून कुणाचं?”

“डॉक्टरांच्या दोन पॅन्ट मी आखूड करून दिल्यात. त्यांचा पाय सत्त्याहत्तर आहे. चौऱ्याऐंशी तुमचा.”

मी तिला भिंतीजवळ नेलं. दोन रेघा दाखवल्या. नाव कसं राहून गेलं, फोन कसा आला, घाई कशी झाली, सगळं सविस्तर सांगितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर लख्ख ऊन पडलं होतं. बारा दिवस मी स्वतःला जे सांगत आलो तेच तिला सांगितलं आणि माझं मलाच पटत होतं. ती ऐकून घेत होती, बोट त्या कागदावरच होतं.

“आणि हात?” ती म्हणाली.

“हात काय?”

“भिंतीवर पाय आहे. हात कुठे आहे? तुम्ही लिहिलंय त्रेसष्ट. तुमची बाही त्रेसष्टची आहे, एवढी वर्षं मी कापतेय. चूक झाली तर ती कुणाच्याही मापाची होते. ही बरोबर तुमच्याच मापाची कशी झाली?”

उत्तर मला त्याच क्षणी पहिल्यांदा कळत होतं. हाताचा आकडा मी आठवून लिहिला होता. आठवताना माझ्या डोळ्यासमोर त्या सायकलीवर बसलेला माणूस होता आणि तो डॉक्टर नव्हता. चार रविवार तो कधीच नव्हता. भिंतीची चूक नव्हती, रेघांची नव्हती, घाईची तर नव्हतीच.

बायकोने कागद परत खिळ्याला लावला. म्हणाली, “मी कुणाला सांगणार नाही. बहिणीलाही नाही. तुम्हीच सांगायचं. आणि नसेल सांगायचं तर एवढंच करा, माझ्या डोळ्यांदेखत त्या सायकलीवर कधी बसू नका.” टेप गुंडाळून ती निघून गेली.

नळी कापायचा दिवस रविवार ठरला होता. डॉक्टर सकाळीच आला. नवे बूट घालून आला होता, आणि कापताना व्हिडिओ काढायचा म्हणून फोन हातात. सायकल स्टँडवर टांगलेली. दोन्ही चाकं, ब्रेक, गिअर, सगळं लागलेलं. नुसती वरची नळी लांबच्या लांब वर आलेली. मी तिला शिकंज्यात धरलं, खूण केली, हॅक्सॉ हातात घेतला. आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मी दोन्हीकडचा हिशेब करत होतो. चार वेळा हात मागेपुढे केला असता की सायकल कधी ना कधी माझी होती. माझं नावही राहिलं असतं, की ह्याचं माप चुकत नाही. डॉक्टर फोन धरून उभा होता आणि हळूच म्हणाला, “सुरू करू का?” त्याने आवाज असा खाली आणला होता, जसा आपण दुसऱ्याच्या कामाचा मान राखायला आणतो.

मी हॅक्सॉ खाली ठेवला. म्हटलं, “डॉक्टर, बूट काढा.”

तो हसला, पण काढले. मी त्याला भिंतीशी उभं केलं, पुस्तक दिलं. पुन्हा रेघ मारली. ती जुन्या रेघेवरच आली, केसभरही इकडेतिकडे नाही. ह्या वेळी मी पुढे लिहिलं, ‘डॉक्टर’. मग वळलो.

“ही जोडी परत पाठवायची. मधलं माप मागवायचं.”

“माप चुकलं?” त्याचा विश्वास बसेना. “तुमचं?”

“चुकलं नाही. ते माझं माप आहे.”

त्याने भिंतीकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. दातांकडे बघून माणसाने काय काय लपवलंय ते ओळखायची त्याला सवय असणार. “कधी कळलं?” त्याने विचारलं.

‘आत्ता’ म्हणता आलं असतं. दोन अक्षरं. “खोका उघडला त्या सकाळी,” मी म्हटलं.

“म्हणजे मी रोज संध्याकाळी येऊन बसत होतो. तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

त्याने फोन खिशात ठेवला. स्टुलावर बसून बूट घालायला लागला. एक घातला आणि दुसरा हातातच राहिला. चेहरा उतरला होता. आजवर मी त्याला असं पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना. “का?” तो बुटाकडे बघत म्हणाला. “मी काय केलं तुमचं?”

“काही नाही. मला तुमचा हेवा वाटला.”

“माझा?”

“तुमचा. नऊ वर्षं मी ह्या सायकलची यादी करतोय. खणात आहे. तुम्ही वहीत उतरवली ती हीच.”

त्याने हातातल्या बुटाची नाडी सैल केली. मग मान वर केली. “राग आलाय मला, साडूभाऊ. घरी गेल्यावर अजून येईल. पण आधी हे पुन्हा सांगा. तुम्हाला माझा हेवा वाटला?”

मी पुन्हा सांगितलं. आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर, राग तसाच असताना, काहीतरी उजळायला लागलं. तो म्हणाला, सासऱ्यांच्या घरी नळ गळो, दार अडो, घड्याळ बंद पडो, सगळे तुम्हालाच बोलावतात. माझ्या हातात कुणी साधा स्क्रू ड्रायव्हर देत नाही. मी आलो की मला खुर्ची देतात. कॅमेरा घेतला, गिटार घेतली, म्हटलं एक तरी गोष्ट हाताने करून दाखवू, ताईंच्या नवऱ्यासारखी, म्हणजे तुमच्यासारखी. जमलं काहीच नाही. “मला वाटायचं तुम्ही मला हसता,” तो म्हणाला. “आणि तुम्ही जळत होता!” एवढं बोलून त्याने दुसरा बूट घातला, उलट्या पायात, आणि त्याला तो काढून पुन्हा घालावा लागला. इतका खूष झालेला माणूस मी पाहिला नाही. त्या खुषीचाही मला हेवा वाटला.

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून सगळं सोडवलं आणि फ्रेम परत खोक्यात घातली. फोम त्याने नीट लावला. जाताना खणातली यादी मागून घेतली, वाचली, घडी करून मला परत दिली. राग खरंच घरी जाऊन वाढला. दोन आठवडे तो दुकानात फिरकला नाही. मग मधलं माप आलं आणि तोही आला. नळी मी कापली, व्हिडिओ त्याने काढला. त्या व्हिडिओत शेवटी माझा आवाज आहे, ‘पाना द्या’, आणि त्याचा हात अचूक तोच पाना पुढे करतो.

ह्याला आता वर्ष होऊन गेलं. तो कंटाळलेला नाही. मी वाट पाहिली, पण नाही. दर रविवारी ती हिरवी सायकल डोंगरावर माझ्या पुढे असते आणि जिथे मी उतरून ढकलतो तिथे तो बसूनच जातो. माझ्या पोटात अजून दुखतं. भिंतीवरच्या माझ्या रेघेपुढे आता नाव आहे, ते त्याने लिहिलं. ‘साडूभाऊ’. अक्षर वाचता येण्यासारखं.

राहिली पिशवी. ती मोठ्या त्रिकोणाची कापून झालेली होती, नव्या फ्रेममध्ये बसली नसती. बायकोने ती शिवून पुरी केली आणि एका सकाळी पाहिलं तर माझ्या लोखंडी सायकलला लावलेली. काळं कापड, हिरवी शिवण, तिन्ही कोपरे टाचून बसलेले. गेल्या रविवारी चढाच्या पायथ्याशी डॉक्टर पाणी प्यायला थांबला आणि त्याची नजर तिच्यावर गेली. त्याने शिवणीवरून बोट फिरवलं.

“ही कुणी केली?”

“ताईंनी,” मी म्हटलं. “मापाने.”

“मला का नाही?”

“मागितलीत का कधी?”

तो पुढे गेला, नेहमीसारखा, चढ बसूनच. पण वळणापर्यंत त्याने दोनदा मागे पाहिलं, आणि माझ्याकडे नाही, पिशवीकडे. मी गुडघे जरा फाकवून पॅडल मारले, म्हणजे ती नीट दिसेल.